पेटीच्या घरात पियानो : पाच ते आठ वर्षांच्या मुलांचे पहिले सहा महिने

नाशकातलं मूल पियानोसमोर येऊन बसतं तेव्हा त्याची पाटी सहसा कोरी नसते. घरात आजोबांची पेटी असते, भजनाला कुणीतरी कीबोर्ड घेऊन बसतं, गणपतीच्या आधी महिनाभर जवळच्या मैदानातून ढोलाच्या सरावाचा आवाज रोज संध्याकाळी येत असतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनी आश्रम थाटलेलं आणि द. वि. पलुस्करांचं १९२१ मधलं जन्मगाव असलेलं हे शहर. इथल्या घरांत गाणं कानावर पडतंच. यातल्या बऱ्याच गोष्टी पियानो शिकताना उपयोगी पडतात आणि एक-दोन चांगल्याच आड येतात. घरी सुरुवात करून देऊ पाहणारे पालक आणि नुकतंच शिकवायला लागलेले शिक्षक, दोघांनीही हे आधी नीट समजून घ्यावं.

पहिल्या सहा महिन्यांत किती गाणी बसली हे मोजू नका. पट्टी खाली कशी जाते आणि तिच्यातून निघालेला आवाज मूल ऐकतं का, एवढंच बघा. बाकी सगळं यावर उभं राहतं.

पेटी आणि पियानो दिसायला सारखे, काम अगदी निराळं

पेटीची पट्टी म्हणजे हवेची झडप. ती हळू दाबा नाहीतर जोरात, सूर तेवढाच येतो. कमी-जास्त करतो तो भाता. आणि पट्टी दाबून ठेवली की सूर चालूच राहतो. पियानोची पट्टी म्हणजे तरफ. तिचं पुढचं टोक साधारण दहा मिलिमीटर खाली जातं आणि तेवढ्या अवधीत लोकरीच्या नमद्याची हातोडी तारेकडे फेकली जाते, तारेला लागते आणि लगेच मागे येते. पट्टी वेगानं खाली गेली तर आवाज मोठा, सावकाश गेली तर मऊ. हातोडी एकदा सुटली की आवाजाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. पट्टी धरून ठेवल्यानं तारेवरचा डँपर (तारेचा आवाज थांबवणारा नमद्याचा ठोकळा) तेवढा वर राहतो आणि सूर आपोआप विरत जातो.

पेटीवर हात बसलेलं मूल पियानोची पट्टी तळाला गेल्यावरही दाबत राहतं. त्यानं आवाजात तसूभरही फरक पडत नाही, मनगट मात्र ताठ होतं, आणि ताठ मनगटानं पुढे जलद काही वाजत नाही. दुसरी अडचण डाव्या हाताची. पेटीवर तो भात्यात गुंतलेला असतो, म्हणून सूर वाजवायला अगदी कच्चा राहतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट आधी डाव्या हाताला द्या, मग उजव्याला.

वाद्य घेताना

पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. पहिल्या वर्षाला ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो, पण दोन गोष्टींत तडजोड नको. पहिली, पट्ट्या पूर्ण आकाराच्या हव्यात. दुकानात फूटपट्टी घेऊन जा आणि शेजारच्या सात पांढऱ्या पट्ट्यांची एकूण रुंदी मोजा. ती साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास भरली पाहिजे. बारीक पट्ट्यांचं खेळण्यातलं वाद्य घेतलं तर हाताला चुकीच्या अंतराची सवय लागते. दुसरी, स्पर्शाप्रमाणे आवाज बदलायला हवा. आवाजाचं बटण मधोमध ठेवा, तीच पट्टी एकदा हलकेच आणि एकदा झटक्यानं वाजवा. दोन्ही वेळा सारखाच आवाज आला तर दुकानदाराला 'टच' चालू करायला सांगा. तरीही फरक पडला नाही तर ते मॉडेल ठेवून द्या, कारण त्यावर मूल परत पेटीच वाजवणार.

अशा कीबोर्डला साधारण पंधरा हजारांच्या आसपास पडतात. ८८ वजनदार पट्ट्यांच्या डिजिटल पियानोला चाळीस हजारांच्या घरात किंवा पुढे जावं लागतं. जमत असेल तर थेट तोच घ्या, नाहीतर दुसऱ्या वर्षापर्यंत थांबा. खऱ्या पियानोची पट्टी खाली जायला पन्नासएक ग्रॅम वजन लागतं. स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्यांवर दोन-तीन वर्षं काढलेलं मूल तिथे बसलं की त्याचे सूर अर्धे वाजतात, अर्धे गळतात.

घरात आधीच कीबोर्ड असेल तर ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारी सोय) शून्यावर आहे का ते पाहा. भजनाला गाणाऱ्याच्या सोयीनं काळी चार किंवा काळी पाच (दोन काळ्यांच्या जोडीपासून मोजलेली चौथी किंवा पाचवी काळी पट्टी) लावलेली असते आणि नंतर कुणी परत आणत नाही. मूल एक पट्टी दाबतं, कानाला दुसराच सूर ऐकू येतो, वर्गात गेल्यावर तिसराच गोंधळ. मधल्या सप्तकातली पांढरी सहा वाजवून फोनवरच्या ट्यूनरवर बघा, ४४० हर्ट्झ दिसलं पाहिजे. आपोआप ताल देणारी बटणं वर्षभर बंदच ठेवा. अडॅप्टर हरवला तर तसाच दिसणारा दुसरा लावू नका. किती व्होल्ट आणि पिनचा मधला भाग अधिक की उणे, हे वाद्याच्या मागे छापलेल्या खुणेशी जुळवून मगच लावा.

बसणं

डायनिंग टेबलावर कीबोर्ड ठेवून शिकायला सुरुवात करणं ही घराघरांत होणारी चूक आहे. पियानोच्या पांढऱ्या पट्ट्या जमिनीपासून साधारण ७२-७३ सेंटिमीटरवर असतात. टेबल ७५ सेंटिमीटरचं, त्यावर कीबोर्डची जाडी, म्हणजे पट्ट्या ८४-८५ वर गेल्या. मुलाचे खांदे कानाला लागतात, कोपरं बाहेर फाकतात आणि दहा मिनिटांत ते 'हात दुखतो' म्हणतं. ते खरंच दुखत असतं, कामचुकारपणा नसतो. उंची बदलता येणारा स्टँड घ्या आणि पट्ट्या ७२-७३ वर आणा.

मग मुलाला बसवा. कोपर पट्टीच्या पातळीत किंवा बोटभर वर हवं. स्टूल कमी पडलं तर घट्ट घडी घातलेली सतरंजी ठेवा. उशी नको, ती दबते. आता पाय लोंबकळतील. लोंबत्या पायांनी पाठ सरळ राहत नाही, मूल तोल सावरायला पट्ट्यांवर भार टाकतं. पायाखाली चौरंग द्या. सहा वर्षांच्या मुलाला बहुतेक वेळा तोच बरोबर येतो. मोठ्याला जेवायचा पाट पुरतो. स्टुलाच्या पुढच्या अर्ध्या भागावरच बसायचं. हात सरळ पुढे केला की मूठ पट्ट्यांच्या मागच्या फळीला लागेल एवढं अंतर.

नखं आठवड्याला कापलेली हवीत. नख वाढलं की बोट आपोआप आडवं पडतं, मग कितीही 'गोल, गोल' म्हटलं तरी ते गोल होत नाही.

नावं कोणती वापरायची

घरात 'काळी एक, पांढरी पाच' ही भाषा असेल तर ती तोडू नका, तिच्यावरच नवी नावं बसवा. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी दोन डी, पांढरी तीन ई, पांढरी चार एफ, पांढरी पाच जी, पांढरी सहा ए, पांढरी सात बी. सी पांढरी एक असूनही अक्षरं ए पासून सुरू होतात हे मुलांना विचित्र वाटतं. त्याचं कारण सांगत बसू नका, पाठ होऊ द्या.

सीला कायमचं 'सा' म्हणायची सवय मात्र लावू नका. आपला सा हलतो. गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे तो काळी चारवरही जातो आणि पांढरी दोनवरही. सी जागचा हलत नाही. मूल दोन्ही सहज शिकतं, फक्त ते वेगळे ठेवा. पट्टी ओळखायला सी-डी-ई, आणि गाऊन पाहायला सा-रे-ग. एखादी ओळ सीपासून बसली की तीच जीपासून वाजवायला सांगा. सरगम तीच राहते, अक्षरं बदलतात. सहा वर्षांचं मूल हे ऐकूनच पकडतं.

पट्ट्यांवर नावांचे स्टिकर लावू नका. डोळा स्टिकर वाचतो, पट्टीची जागा शिकत नाही, आणि स्टिकर काढले की सगळं पहिल्यापासून. त्याऐवजी काळ्या पट्ट्यांच्या जोड्या वापरा. दोन काळ्यांना 'दोघी' म्हणा, तीन काळ्यांना 'तिघी'. दोघींच्या डावीकडची पांढरी सी, तिघींच्या डावीकडची एफ. या दोन खुणा पक्क्या झाल्या की बाकीच्या पट्ट्या मोजून सापडतात. आठवडाभर रोज एकच खेळ घ्या: सगळ्या सी शोधा, खालून वर, मग वरून खाली, मग डोळे मिटून दोघींना चाचपून.

बोटांचे आकडे दोन्ही हातांना अंगठ्यापासून: अंगठा १, करंगळी ५. मुलं डाव्या हाताला करंगळीपासून मोजायला जातात, कारण मोजणी डावीकडून उजवीकडे करायची सवय असते. नमस्कार करायला सांगा. जी बोटं एकमेकांना टेकली त्यांचा आकडा एकच. हे एकदा केलं की पुन्हा समजवावं लागत नाही.

पहिला तास

नवख्या मुलाला अर्धा तास पुष्कळ होतो, पाच वर्षांच्याला वीस मिनिटंसुद्धा. पहिले दोन महिने आठवड्यातून दोनदा अर्धा तास हे एकदाच तासभर बसवण्यापेक्षा कितीतरी चांगलं, कारण चुकीची सवय तीन दिवसांत पकडता येते. सात दिवसांत ती मुरते.

सुरुवातीची दहा मिनिटं दोघी-तिघींची ओळख. डाव्या हाताची २ आणि ३ बोटं दोघींवर, तिघींवर २-३-४. काळ्या पट्ट्या आधी घ्यायच्या, याला कारण आहे. त्या उंच आहेत, न बघता सापडतात, आणि लांब बोटं त्यांच्यावर ठेवली की हात आपसूक गोल राहतो. पोलिश पियानोवादक-संगीतकार शोपाँ आपल्या शिष्यांचा हात पहिल्यांदा ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी या पाच पट्ट्यांवर ठेवत असे. आपल्या भाषेत पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी सात. तीन लांब बोटं काळ्यांवर, अंगठा आणि करंगळी पांढऱ्यांवर. मुलाचा हात तिथे ठेवून बघा, कुठलंही बोट आखडावं लागत नाही.

पुढची दहा मिनिटं एकाच सुराची, आणि सगळ्यात मोलाची. मुलाला हात खाली मोकळा सोडायला सांगा. लोंबणाऱ्या हाताची बोटं जशी किंचित वळलेली असतात तोच पियानोचा हात. लिंबू धरल्यासारखा, चेंडू धरल्यासारखा असं काही सांगितलं की मुलं पंजा आवळतात. तोच हात उचलून मांडीवर, मांडीवरून पट्टीवर आणा. अंगठ्याचं टोक तिसऱ्या बोटाच्या शेवटच्या पेराला आतून टेकवा, म्हणजे बोटाला टेकू मिळतो. तुम्ही मुलाचं मनगट खालून दोन बोटांवर तोला. हाताचं वजन तुमच्या बोटांवर येतंय का? येत नसेल तर मूल तो स्वतः उचलून धरतंय. 'झोपलेल्या बाळाचा हात कर' म्हणा. वजन आलं की आधार काढा आणि तिसरं बोट काळी चारवर पडू द्या. पट्टीपासून चार बोटं उंचीवरून, दाबून नाही, पडून.

पडल्यावर मनगट ताठ न राहता किंचित खाली जाऊन परत वर येतं. शेवटचं पेर आत मोडलं का ते बाजूनं वाकून पाहा. आणि मग काही बोलू नका. पट्टी खालीच ठेवून सूर पूर्ण विरेपर्यंत ऐकायचा, 'गेला' वाटलं की मुलानं दुसरा हात वर करायचा. पियानोवर मधल्या पट्टीतला सूर बराच वेळ तगतो, मुलं श्वास धरून ऐकतात. असे पाच सूर डाव्यानं, पाच उजव्यानं. त्या दिवशी यापेक्षा जास्त नको.

उरलेली दहा मिनिटं गाण्याची. फक्त पाच काळ्या पट्ट्या घेतल्या आणि काळी तीनला सा मानलं तर काळी चार रे, काळी पाच ग, वरची काळी एक प, काळी दोन ध. हा थेट भूप राग. तुम्ही खाली काळी तीन आणि काळी एक असा सा-पचा आधार संथपणे वाजवत राहा आणि मुलाला वर काळ्या पट्ट्यांवर हवं ते वाजवू द्या. बेसूर होतच नाही. पुढच्या आठवड्यात त्याच पट्ट्या ठेवून काळी एकला सा माना आणि खालचा आधार काळी एक-काळी चार करा, तर दुर्गा होतो. पट्ट्या त्याच, आधार बदलला आणि रंग बदलला, हे पहिल्याच महिन्यात कानावर पडणं फार मोठी गोष्ट आहे. रागाचं चलन वगैरे इथे शिकवायचं नाही, कान उघडायचा आहे.

पुढचे आठवडे

पहिले तीन आठवडे काळ्या पट्ट्या आणि सुटे सूर. चौथ्यापासून पांढऱ्यांवर या, सी ते जी ही पाच पट्ट्यांची जागा. आधी तिसरं बोट, मग दुसरं आणि चौथं, शेवटी अंगठा आणि करंगळी. अंगठा नखाच्या बाजूच्या कडेनं वाजतो, बाकीच्यांसारखा टोकानं नाही. करंगळी उभी राहायला वेळ लागतो. ती आडवी पडत असेल तर कोपर किंचित बाहेर न्या, म्हणजे हाताचं वजन तिच्या मागे येईल. बोटालाच 'उभं राहा' म्हणून काही होत नाही.

सातव्या आठवड्याच्या सुमाराला दोन सूर जोडायला घ्या. पहिल्या सुरावर मनगट बसतं, दुसऱ्यावर वर सुटतं आणि दुसरा सूर पहिल्यापेक्षा हलका येतो. 'आई' हा शब्द हाक मारताना म्हणून बघा: आ-वर वजन, ई सुटता. रोज प्रत्येक जोडीचे चार-चार, १-२, २-३, ३-४, ४-५ आणि उलट. चौथं-पाचवं नेहमी मागे राहतं, त्याची घाई करू नका.

जोडणं म्हणजे चालणं. पुढचं पाऊल टेकल्याशिवाय मागचं उचलत नाही, पण टेकल्यावर मागे राहतही नाही. पेटीवाल्या मुलांचं नेमकं इथे अडतं. ती पुढचा सूर आला तरी मागचा सोडत नाहीत, दोन्ही सूर एकमेकांत घोळतात. कानाला चिखल ऐकू येतो, पण मुलाला कळत नाही कारण पेटीवर ते एवढं खटकत नाही. अगदी सावकाश, एका ठोक्याला एक सूर वाजवायला लावा आणि मागची पट्टी वर आली का ते डोळ्यांनी बघायला सांगा.

पाचव्या महिन्यात दोन्ही हात एकत्र. मुलांना तीन पायऱ्यांनी न्या. आधी डाव्या हातानं सी-जी धरून ठेवायचं आणि उजव्यानं ओळ वाजवायची, म्हणजे तानपुरा आणि गाणं. मग आरशासारखं: दोन्ही अंगठे मध्य सीवर (पट्ट्यांच्या मधोमध येणारा सी), दोन्ही हात एकमेकांपासून दूर जातात आणि परत येतात. इथे दोन्ही हातांची तीच बोटं एका वेळी लागतात म्हणून सोपं. सगळ्यात शेवटी दोन्ही हात एकाच दिशेनं. मोठ्यांना हे सोपं वाटतं, पण डाव्याचं ५ वाजताना उजव्याचं १ वाजवायचं असतं आणि मुलाचं डोकं तिथेच अडतं. अडलं तर परत आरशावर या.

लय

इथे नाशिकच्या मुलाचं निम्मं काम झालेलं असतं. ढोल-ताशाच्या पथकात टोल (टांगलेली धातूची थाळी) सरळ ठोका धरतो आणि ताशा त्या ठोक्याच्या आत बारीक वाजवतो. 'ठोका कोणता आणि बोल कोणता' हा फरक परदेशी पुस्तकं पानंच्या पानं समजावतात. इथे मुलाला टोल व्हायला सांगा आणि तुम्ही ताशा व्हा, मग अदलाबदल करा.

बोल शब्दांनी शिकवा. एक ठोका म्हणजे 'पाव', एका ठोक्यात दोन सूर म्हणजे 'मिसळ', दोन ठोके लांबवायचा सूर म्हणजे 'ऊऊस', रिकामा ठोका म्हणजे तोंडावर बोट. 'पाव, पाव, मिसळ, पाव' हे चार ठोक्यांचं एक घर झालं. टाळ्या वाजवत म्हणा, पायांनी ठोका धरून चालत म्हणा, मग एकाच पट्टीवर वाजवा, आणि मग सूर घाला. चार पायऱ्यांतली एकही गाळू नका. मुलं चुकतात ती बहुतेक सुरात नाही, 'मिसळ'मध्ये. ठोका न सांभाळता घाईनं उरकतात.

मेट्रोनोम, म्हणजे ठोका देणारं यंत्र, चौथ्या महिन्यापर्यंत नको. अंगात ठोका नसताना यंत्र लावलं की मूल यंत्राच्या मागे धावतं. लावाल तेव्हा ६० वर.

नोटेशन

सातव्या-आठव्या आठवड्याआधी पुस्तक उघडू नका, आणि त्यानंतरही पहिली ओळख फरशीवर करा. रांगोळीनं नोटेशनच्या पाच समांतर रेषा काढा, पावलापेक्षा थोडं जास्त अंतर ठेवा. मूल रेषेवर उभं राहतं, मधल्या जागेत उभं राहतं, एक पायरी वर चढतं, एक गाळून उडी मारतं. तुम्ही पियानोवर तेच वाजवता. रेषेवरून लगतच्या मोकळ्या जागेत जाणं म्हणजे शेजारची पट्टी, रेषेवरून पुढच्या रेषेवर म्हणजे एक पट्टी सोडून. कागदावरचं पुढचं सगळं वाचन या दोन गोष्टींवर चालतं.

भातखंडे लिपीत लिहिलेलं घरात असेल तर मूल विचारेल की हे का नाही चालत. तिथे सुराचं नाव वाचायचं असतं; इथे सूर वर गेला की खूणही वर जाते आणि दोन्ही हातांचं एकाखाली एक दिसतं. म्हणून ही लिपी.

खुणेचे तीन सूर पक्के करा: मधला सी, उजव्या हाताच्या रेषांवर खालून दुसऱ्या रेषेचा जी, डाव्या हाताच्या रेषांवर वरून दुसऱ्या रेषेचा एफ. बाकीचे त्यांच्यापासून मोजत शोधायचे. सुरांखाली अक्षरं लिहू नका. प्रत्येक सुरावर बोटाचा आकडाही लिहू नका, फक्त ओळीच्या पहिल्या सुरावर. नाहीतर मुलाला ३ म्हणजेच ई वाटतं, आणि हात जीवर सरकवला की सगळं कोसळतं.

घरचा सराव

पाच-सहा वर्षांच्याला रोज दहा मिनिटं, सात-आठच्याला पंधरा-वीस. शाळेआधी पाच आणि संध्याकाळी पाच असं तोडलं तरी चालेल, पण रविवारी एकदम तासभर बसवून आठवडा भरून निघत नाही. दुपारी दोन ते चार शेजाऱ्यांच्या झोपेची वेळ असते, तेव्हा हेडफोन, आवाज कमी. एरवी स्पीकरवरच वाजवू द्या. हेडफोनमध्ये घरच्यांना काही ऐकू येत नाही आणि चुका तशाच मुरतात.

सरावाला क्रम द्या. पडणारे सूर दोन मिनिटं, जोड्या तीन, नवीन ओळ पाच, जुनं आवडतं काहीतरी शेवटी. नवीन ओळ म्हणजे चार घरं, त्याहून जास्त नको. हात वेगवेगळे तीन-तीनदा, मग एकत्र. चूक झाली की मूल पहिल्यापासून सुरू करतं. म्हणून पहिली चार घरं पाठ आणि शेवटची चार कायम कच्ची. कागदावर पेन्सिलीनं तीन ठिकाणी अ, ब, क लिहा आणि 'कपासून' असं म्हणत कुठूनही सुरू करायला लावा.

पालकांनी शेजारी बसावं, पण बोट पकडून वाजवून घेऊ नये आणि मागून 'चूक, चूक' म्हणू नये. 'हा सूर मोठा होता की तो?' असा प्रश्न विचारा. उत्तर द्यायला मुलाला ऐकावंच लागतं.

नाशिकच्या हवेत खरा पियानो

घरात तारांचा पियानो असेल तर पावसाळ्यात लाकूड आणि नमदा ओलावा धरतात, पट्ट्या अडकतात, सूर चढतो. थंडी-उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत उतरतो. खिडकीखाली आणि बाहेरच्या भिंतीला लावून ठेवू नका. वर्षातून दोनदा सूर लावून घ्या, पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर साधारण नोव्हेंबरात आणि मग मार्च-एप्रिलमध्ये. ऐन जुलैत लावलेला सूर टिकत नाही. नवीन जागेत हलवल्यावर दोन-तीन आठवडे हवा मानवू द्या, मग लावा. वर्षातून एकदा पुढची फळी उघडून टॉर्चनं आत पाहा. कसर नमदा खाते आणि उंदीर त्यात घर करतो.

परीक्षा आणि स्नेहसंमेलन

ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या दोन्ही ब्रिटिश मंडळांच्या ग्रेड परीक्षांची पहिली पायरी म्हणजे इनिशियल, मग १ ते ८ ग्रेड. एबीआरएसएमच्या ग्रेड परीक्षेत १५० पैकी १०० गुणांना उत्तीर्ण, ट्रिनिटीत १०० पैकी ६०. दीड-दोन वर्षांआधी ग्रेड १ चा विषय काढू नये. तीन तुकडे वर्षभर घोकून उत्तीर्ण झालेलं मूल चौथा तुकडा स्वतः वाचू शकत नाही, आणि मग ते पियानो सोडतं.

डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन आलं की घरून फर्माईश होते. जे बसलं आहे त्याहून एक पायरी सोपं निवडा, त्याच वेगात नाही तर थोडं सावकाश, आणि दोन आठवडे आधी निरनिराळ्या लोकांसमोर तीनदा वाजवून घ्या: आजी, शेजारी, इमारतीतली मुलं. शाळेतला कीबोर्ड आधी जाऊन पाहा, ट्रान्सपोज शून्यावर आणा, स्टुलाची उंची बघा, चौरंग सोबत न्या. मुलाला मंचावरचा क्रम शिकवा: बसायचं, हात मांडीवर, पहिली ओळ मनात गायची, मग सुरुवात. शेवटच्या सुरावर मुलं चटका बसल्यासारखा हात काढतात आणि पळतात. तो सूर धरून ठेवायला सांगा, टाळ्या सुरू झाल्या तरी, तो विरून जाईपर्यंत. मग हात मांडीवर, मग उठायचं.